जिवंत पेला

टाकी मरायला लागली की आधी ऑक्सिजनचा आकडा चढतो. ऐकायला बरं वाटतं, पण वाईट तेच. आतले जंतू खात असले, वाढत असले की ते हवा ओढून घेतात आणि आकडा तळाला पडून राहतो. आकडा वर सरकला म्हणजे आत हवा आहे, पण ती ओढणारं कोणी नाही.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी तीन नंबरच्या टाकीचा आकडा चढायला लागला. मी काचेतून आत बघितलं. रस कसा गढूळ, दाट असायला पाहिजे. तो पातळ होत चालला होता, आणि फेस मात्र पार वर आलेला.

माझ्याच पाळीतला तोमिमोरी डबा हातात घेऊन माझ्या मागं उभा होता. म्हणाला, "आला पाहुणा."

आमच्यात त्याचं खरं नाव कोणी तोंडानं घेत नाही. फेज. जंतूंना खाणारा विषाणू. एक आत शिरतो, जंतू फोडून शंभर बाहेर पडतात, ते शंभर पुढच्या शंभरांत शिरतात. टाकी तीन मजली उंच आहे. तिला संपायला एक दिवससुद्धा लागत नाही.

आमच्यातले सगळ्यात जुने, नागातोमोसान आले. त्यांनी टोपी काढली आणि टाकीच्या पत्र्यावर तळवा टेकवला. माणसाचा ताप बघतात तसा. जंतू कामात असले की टाकी आपोआप तापते, तिला बाहेरून गार पाणी फिरवावं लागतं.

"गार पडतेय," ते म्हणाले. "इवाकिरी, वाफ सोड."

म्हणजे सगळं उकळून टाक. मी वाफेचा व्हॉल्व्ह उघडला. तोमिमोरीनं डबा परत पिशवीत ठेवला. जेवण कोणालाच सुचलं नाही.

शरद सुरू झाल्यापासूनची ही चौथी टाकी. तिसरी गेली तेव्हाच मॅनेजरनं सकाळच्या कवायतीनंतर सगळ्यांना थांबवून सांगितलं होतं, की हे थांबलं नाही तर नवीन वर्षानंतर आमची दोन नंबरची इमारत बंद. काम कंपनीच्या थायलंडच्या कारखान्यात जाईल. आमच्या इमारतीत आम्ही मोजकीच माणसं. बहुतेकांची घरं इथंच, हायुगाच्या किनाऱ्याला. या वयात त्यांना दुसरीकडं कोण घेणार? पण मॅनेजर बोलत होता तेव्हा सगळे बघत होते नागातोमोसानकडं. कारण टाकीतला जंतू त्यांचा होता.

त्यांचा म्हणजे खरंच त्यांचा. ते तरुण होते तेव्हा कारखान्याच्या मागच्या कापराच्या झाडाखालची माती खरवडून त्यांनी तो शोधला. साधा जंतू. आपल्यापुरतं लायसिन बनवायचा आणि पुरेसं झालं की थांबायचा. लायसिन म्हणजे डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते. ते नसलं तर पिल्लं वाढत नाहीत. नागातोमोसाननी त्या जंतूला विष पाजलं, जांभळ्या दिव्याखाली भाजलं, आणि जे जगले त्यांतून 'पुरे' म्हणणं विसरलेला एक निवडला. वर्षानुवर्षं हेच. शेवटी सत्तावीस नंबरचा उभा राहिला. त्याला थांबताच येत नाही. साखर मिळेल तोवर बनवत राहतो, स्वतःला काही उपयोग नसताना बाहेर टाकत राहतो.

मी बारावीसुद्धा पुरी केलेली नाही. हे सगळं गावच्या वाचनालयातली पुस्तकं वाचून कळलं, आणि निम्मं चुकीचं कळलं. एकदा मी त्यांना म्हटलं, "म्हणजे तुम्ही त्याचा ब्रेक काढला."

"ब्रेक काढला, एक पायही काढला," ते म्हणाले. "बाहेर सोडला तर दोन दिवस जगायचा नाही बिचारा. आपण भरवतो म्हणून आहे."

तीन वर्षांपूर्वी मुख्य प्रयोगशाळेच्या हिदाकासाननी त्या सत्तावीसमध्ये आणखी काम केलं. दुसऱ्या जंतूचे दोन जीन आणून घातले, एक कापून टाकला. लायसिन दीडपट झालं. नंबर तोच राहिला, मागं एक अक्षर लागलं. ते अक्षर आमच्यापैकी कोणी उच्चारत नाही.

चौथी टाकी गेल्यावर त्याच हिदाकासान आल्या. मूळच्या इथल्याच आहेत, मियाझाकीच्या, पण बरीच वर्षं बाहेर राहिल्यामुळं भाषा शहरी झालेली. उंच, घाईत चालणाऱ्या. कॅन्टीनमध्ये पहिल्याच दिवशी तोमिमोरीनं त्यांना व्हिनेगरच्या रसातली तळलेली कोंबडी वाढून आणून दिली आणि म्हणाला, "खा बाई. आपल्याच लायसिनवर वाढलीय. पुढच्या वर्षी थायलंडची खायला लागेल."

"मी खायला आले नाही, शोधायला आलेय," त्या म्हणाल्या. पण खाल्ली सगळी.

बाटल्या धरायचं काम माझ्याकडं आलं. आम्ही सगळीकडचे नमुने घेतले. गटार, छप्पर, साखरेच्या पाकाचे पाइप, बुटांचं कपाट, पायपुसणी, हवा आत ओढणाऱ्या पंख्याची जाळी. मग काचेच्या बशीत जेलीवर सत्तावीस नंबर पसरायचा, त्यावर नमुन्याचा थेंब टाकायचा, आणि उबेत ठेवायचं. सकाळपर्यंत जंतूंची साय धरते. पाहुणा असला तर त्या सायीला भोकं पडतात. लोकरीच्या स्वेटरला कसर लागल्यासारखी.

गटारात काही नव्हतं. पाकात नव्हतं. मागच्या दाराच्या पायपुसणीवर थोडी भोकं. बुटांच्या कपाटात थोडी. हवेच्या जाळीवर भरपूर.

हिदाकासाननी बशा टेबलावर ओळीनं मांडल्या. नागातोमोसान चहा ओतत होते. मी खिडकीपाशी.

"मागच्या बाजूनं येतोय," त्या म्हणाल्या. "सप्टेंबरच्या वादळात पुढचा रस्ता खचला ना? तेव्हापासून सगळे मागच्या फाटकानं येता. धूळ पायाला लागते, कपड्याला लागते, वाऱ्यानं जाळीत जाते. इथवर बरोबर आहे."

"मग सापडला की," मी म्हटलं.

"रस्ता सापडला. घर कुठं सापडलंय? मागं काय आहे, डोंगर. डोंगरात आपला जंतू नाही. आणि आपला जंतू नसेल तर हा खाणार काय, जगणार कशावर? कुठंतरी कोणीतरी त्याला नेमानं जेवण घालतंय."

चहा ओतायचा थांबला. मी बघितलं तर नागातोमोसान किटली तशीच तिरकी धरून उभे. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि बाहेर गेले.

हिदाकासाननी माझ्याकडं बघितलं. "काय झालं त्यांना?"

"लघवीला गेले असतील. वय झालंय."

मला तेव्हा खरंच काही सुचलं नव्हतं.

ते परत आले तेव्हा त्यांच्या पँटीला गुडघ्यावर चिखल होता. हातात चहाचा कागदी पेला, त्यात ओली काळी माती. त्यांनी तो बशांच्या शेजारी ठेवला.

"हीपण बघा."

"कुठली?"

"दगडाखालची."

मग माझ्या लक्षात आलं.

कापराच्या झाडाखाली आमचा दगड आहे. कमरेएवढा, वर 'जंतूंस' एवढंच कोरलेलं. इकडं कोणी मोडक्या सुयांसाठी पूजा करतं, ईल मासे विकणारे ईलांसाठी करतात, आम्ही जंतूंसाठी करतो. दर नोव्हेंबरला देवळातला भटजी येतो, उदबत्ती लागते, तो मंत्र म्हणतो, आम्ही टोप्या काढून रांगेत उभे राहतो. वर्षभर आपण ज्यांना उकळून मारलं त्यांच्यासाठी. आणि शेवटी नागातोमोसान टाकीतून काढलेला एक पेला रस दगडाच्या पायाशी ओततात.

कारखान्याचा पहिला नियम असा, की टाकीतून निघालेला थेंबन् थेंब आधी उकळायचा, मगच बाहेर. हा पेला तेवढा सोडून. तो मीच भरून आणायचो. पहिल्या वर्षी मी त्यांना विचारलंही होतं, उकळून आणू का म्हणून. ते हसले होते. "देवाला मेलेलं वाढतात का? वर्षात एक पेला तरी जिवंत जाऊ दे घरी. इथूनच तर आणलाय त्याला."

हे मी विसरलो नव्हतो. फक्त ते आणि टाकी मरणं या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी शेजारी आल्या नव्हत्या. त्या दगडाकडं कोणी कारखान्याचा भाग म्हणून बघतच नव्हतं. आणि पेला वर्षातून एकदाच ना? तर तेही नाही. नागातोमोसान अधूनमधून पेला भरून आपले आपण जायचे. एखादी टाकी चांगली भरली की जायचे, नवा माणूस लागला की जायचे. आम्ही बघायचो आणि बरं वाटायचं.

"तिथं कशाला असेल?" हिदाकासान म्हणाल्या. त्यांनी नोव्हेंबरची पूजा कधी बघितलेली नव्हती.

"बघा तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी बशी उघडली. भोकं नव्हतीच. मोजायला भोकाच्या कडेला साय लागते. इथं सायच उरली नव्हती. नुसती स्वच्छ जेली, पलीकडचं टेबल दिसत होतं.

हिदाकासान बराच वेळ बशी उजेडाकडं धरून बसल्या. मग विचारलं, "उकळून ओतत होतात ना?"

"नाही."

"नवीन आल्यावरही?"

"नवीन कुठला? तोच तो."

"तोच नाही, नागातोमोसान. त्याच्यात मी बाहेरचे जीन घातलेत. कायद्यानं त्याचा थेंब जिवंत बाहेर जाता कामा नये. तुमचं प्रशिक्षण झालंय. मीच घेतलं होतं."

"आठवतंय. तुम्ही छान शिकवलंत."

"मग?"

"माणसाला दोन नवे दात बसवले तर तो दुसरा होतो का हो? मला तो तोच वाटत होता. म्हणजे, कागदावर वेगळा आहे हे माहीत होतं. पेला ओतताना तो तोच होता."

"मला वर कळवावं लागेल."

"कळवा ना."

"तुम्ही माती आणून दिली नसती तर मला वर्षभर सापडलं नसतं."

"वर्षभर इमारत राहिली असती होय?"

नागातोमोसाननी बशी त्यांच्या हातातून घेतली, झाकण लावलं आणि कुकरमध्ये टाकायच्या पिवळ्या पिशवीत ठेवली. वाफेच्या त्या मोठ्या हंड्याला आम्ही कुकरच म्हणतो.

दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. तोमिमोरी कॅन्टीनमध्ये म्हणाला, "म्हाताऱ्यानं चोराला घरात जेवू घातलं, अंथरूण घालून दिलं, आणि मग स्वतःच पोलिसात गेला." कोणी हसलं नाही. तोही नाही.

खोटं कशाला बोलू, मलाही राग आला. माझं त्यांच्यावर प्रेम होतं तरी आला. वडील गेल्यापासून घरात मी एकटाच कमावता, आणि गेले कित्येक आठवडे मी आईला काही न सांगता झोपत होतो. पुढचे काही दिवस त्यांच्या शेजारी जेवायला कोणी बसलं नाही. ते आपले डब्यातलं मुळ्याचं लोणचं आवाज न करता चावायचे. कोणी मुद्दाम ठरवलं नव्हतं, पण जागा रिकामी राहायची. एकदा मी ताट घेऊन तिकडं निघालो आणि मग तोमिमोरीसमोर बसलो.

इमारत वाचली. घर सापडलं म्हटल्यावर मुख्य कार्यालयानं मुदत वाढवली. फाटक बंद केलं. पांढऱ्या कपड्यातली माणसं आली, त्यांनी झाडाखाली चुना टाकला, माती खणून पिंपांत भरून नेली, आणि वरून सिमेंट ओतलं. दगड तेवढा ठेवला, खरवडून, धुऊन. झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट आलं. खणणारा एक जण म्हणाला, झाड टिकेल असं वाटत नाही.

पण नुसतं सिमेंट पुरणार नव्हतं. पाहुणा धुळीत पसरलेला. सत्तावीस नंबर टाकीत असेपर्यंत तो कधी ना कधी येणारच. हिदाकासाननी एक गोष्ट करून बघितली. त्याच मातीची एक जोडीची बशी त्यांनी उबेत ठेवली होती, तिच्यात चार दिवसांनी बारीक ठिपके उगवले होते, म्हणजे पाहुण्याला पुरून उरलेले जंतू. त्यांनी ते वाढवले. टिकले, पण लायसिन जेमतेम करत होते. टाकीत घालण्याच्या लायकीचे नव्हते.

"थोडं बनवतात आणि थांबतात," त्या म्हणाल्या.

"शहाणे झाले म्हणायचे," नागातोमोसान म्हणाले. एवढ्या दिवसांत तेव्हाच ते जरा हसले.

मग दुसऱ्याच घराण्यातला जंतू आला. मुख्य प्रयोगशाळेतून, बर्फाच्या खोक्यातून. पाहुण्याला त्याच्या अंगावर पकडच मिळत नाही. चांगला आहे, वाईट बोलण्यासारखं काही नाही. टाकी तापते, आकडा तळाला राहतो.

नागातोमोसानना कामावरून कमी केलं असं कागदावर नाही. साठीनंतर वर्षावर्षानं करार होत होता, तो मार्चनंतर झाला नाही. शेवटच्या दिवशी त्यांचं एक काम शिल्लक होतं. डीप फ्रीजरमधल्या सत्तावीस नंबरच्या सगळ्या कुप्या नष्ट करायच्या. हिदाकासान म्हणाल्या, दुसऱ्याला सांगते. ते म्हणाले, नको.

मी मदतीला होतो. कुप्या करंगळीएवढ्या, वर त्यांच्याच अक्षरात नंबर. ते एकेक हातात घ्यायचे, बर्फ अंगठ्यानं पुसायचे, नंबर वाचायचे आणि जाळीत ठेवायचे. सगळ्यात जुनीचं अक्षर तरुण माणसाचं होतं, तिरकं, घाईचं.

मी दाराकडं बघून हळू म्हटलं, "एक ठेवा की."

"कुठं?"

"घरी. फ्रीजमध्ये."

"मिसोच्या शेजारी? बायको सूपमध्ये घालील." मग ते म्हणाले, "आणि ठेवून काय करू, इवाकिरी? त्याला भरवायला टाकी लागते. मी रोज चमच्यानं साखर देत बसू?"

"तसं नाही..."

"आण ती जाळी इकडं."

कुकरचं झाकण जड आहे, दोघांनी मिळून फिरवावं लागतं. आम्ही फिरवलं. वाफ भरायला लागली. ते घड्याळाकडं न बघता वाफेच्या दाबाच्या काट्याकडं बघत उभे राहिले आणि काटा पोचल्यावर मला म्हणाले, "तू माझ्या शेजारी जेवायला बसला नाहीस, त्याचं मनात ठेवू नकोस. मीपण बसलो नसतो."

मी वाकून नमस्कार केला. ते आधीच हातमोजे काढत होते.

नोव्हेंबर आला. पूजा होणार की नाही यावर आधी बरीच चर्चा झाली. मॅनेजर म्हणाला, बंद करू. आश्चर्य म्हणजे सगळ्यात जास्त भांडला तोमिमोरी. "वर्षभर मारायचं आणि दोन मिनिटं टोपीही काढायची नाही? असली नोकरी मला नको," म्हणाला. शेवटी ठरलं की पूजा होईल, पेलाही होईल, पण उकळलेला. हिदाकासाननी तपासून द्यायचा. आणि तो ओतणार मी, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं.

नागातोमोसानना मीच फोन करून बोलावलं. येतील असं वाटलं नव्हतं. ते काळ्या सुटात आले, रांगेच्या अगदी शेवटी उभे राहिले. अंगानं आणखी बारीक झालेले. तोमिमोरीनं सरकून त्यांना शेजारी जागा करून दिली.

कापराचं झाड वरून निम्मं वाळलं होतं. भटजीनं मंत्र म्हटला. उदबत्तीचा धूर सरळ वर गेला, वारा नव्हता. मग मी पेला घेऊन पुढं झालो. उकळलेला रस तपकिरी होतो, त्याला करपलेल्या सोयासॉससारखा वास येतो. जिवंताचा वास गोडसर असतो.

मी दगडाच्या पायाशी पेला ओतला.

तो मुरला नाही. माझ्या लक्षातच आलं नव्हतं, खाली आता सिमेंट आहे. रस थोडा वेळ तसाच थांबला, मग त्याला उतार सापडला आणि एक बारीक ओघळ रांगेच्या दिशेनं यायला लागला. पुढच्या लोकांनी बूट मागं घेतले. भटजीनं एक पाऊल बाजूला टाकलं आणि डोळे मिटून मंत्र चालू ठेवला. मी रिकामा पेला धरून उभा. हिदाकासान पुढं यायला लागल्या आणि थांबल्या.

रांगेच्या शेवटून नागातोमोसान आले. खिशातून इस्त्रीचा पांढरा रुमाल काढला, गुडघ्यावर बसले आणि ओघळ पुसायला लागले. खालून वर, दगडापर्यंत. घाई न करता, सिमेंटच्या भेगेतलं पण. पुसून झाल्यावर त्यांनी रुमालाची ओली बाजू आत घालून घडी केली. उठताना त्यांना त्रास होत होता, मी हात दिला.

"हा कुठं टाकू?" त्यांनी विचारलं. "आता नियम काय आहे?"

मी पिवळी पिशवी उघडून धरली.